मम्मीची बॅटरी लो का?

तुमचं पहिलं प्रमोशन आणि आईचं हार्मोन्सचं वादळ बऱ्याचदा एकाच सुमारास येतं. आपल्या प्रमोशनची बातमी घरभर होते. आईचं वादळ मात्र 'जरा थकल्यासारखं वाटतंय' एवढ्यावर संपतं. थोडं गणित, थोडं विज्ञान आणि दिवाळीला घरी गेल्यावर करायची एक छोटीशी यादी.

"काय करतेस गं?"

"काही नाही, पडले होते जरा."

रविवारच्या फोनवर हे 'पडले होते' हल्ली जास्त वेळा ऐकू येतंय का? सकाळी पाचला उठून अंगण झाडणारी, तुमच्या दहावीच्या वर्षी रात्री बारापर्यंत जागी असणारी बाई भर दुपारी आडवी? विचारलं तर उत्तर ठरलेलं. आई पारोळ्याची असेल तर ते अहिराणीत येईल, "काई नही व्हयनं माले." म्हणजे मला काही झालेलं नाही. आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि विषय बदलतो. पगार झाला का, जेवलास का, ट्रॅव्हल्सचं बुकिंग केलंस का.

हिंजवडी, खराडी किंवा मगरपट्टा, कुठल्याही कॅन्टीनमध्ये 'शेवभाजी' म्हणून आवाज टाका, दोन-चार खान्देशी माना वळतीलच. पारोळा, अमळनेर, एरंडोल, धुळे इथली पोरं शिकायला बाहेर पडली आणि तिकडेच चिकटली. घरी राहिले ते आईवडील. मुलं गेली की घर शांत होतं आणि नेमकं तेव्हाच आईच्या शरीरात गोंगाट सुरू होतो.

साधं गणित

तुमचं वय पंचवीस. आईचं लग्न विसाव्या वर्षी झालं, बाविसाव्या वर्षी तुम्ही झालात. म्हणजे आई आज सत्तेचाळीस. भारतातल्या बायकांची पाळी सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत हे वय एक्कावन्नच्या आसपास आहे. म्हणजे नेटवर वाचलेलं 'पन्नाशीनंतर बघू' हे इथे लागू पडत नाही. आपल्याकडे पन्नाशी येईपर्यंत बऱ्याच आयांचं सगळं होऊनही गेलेलं असतं.

आणि पाळी एका सकाळी स्विच बंद केल्यासारखी थांबत नाही. सलग बारा महिने आली नाही तर ती थांबली असं डॉक्टर म्हणतात. त्याआधीचा बदलाचा काळ साधारण चार वर्षांचा असतो, काहीजणींचा त्याहून बराच मोठा. त्याला पेरिमेनोपॉज म्हणतात. अमेरिकेत हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या 'स्वान' अभ्यासातून २०१५ साली एक आकडा समोर आला. अंगातून गरम वाफा निघणं आणि रात्री घामाने भिजणं हा त्रास ज्यांना वारंवार होतो, त्यांच्यात तो टिकण्याचा मध्यम काळ ७.४ वर्षं! इंजिनिअरिंगची डिग्री जवळपास दोनदा करून होईल एवढा वेळ.

उतरण नाही, झोके

आपला समज असा, की वय वाढतं तसं हार्मोन्स हळूहळू कमी होतात, डोंगर उतरल्यासारखे. प्रत्यक्षात ते झोके घेतात. आधी काय होतं, तर काही महिने बीजच सुटत नाही. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेनचं काम मात्र चालूच, आणि कधीकधी ते तरुणपणापेक्षाही जास्त असतं. त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि मग एकदम सुटतं. दोन महिने पाळी नाही आणि तिसऱ्या महिन्यात दहा दिवस धो-धो, हा प्रकार त्यातूनच येतो.

दुसरीकडे मेंदूतला थर्मोस्टॅट बिघडतो. शरीराचं तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला इस्ट्रोजेनची सवय असते. ते वरखाली झालं की हे केंद्र हळवं होतं आणि जराशा उबेलाही 'आग लागली' समजून घाम सोडतं. रात्री दोनला जाग येते, कपडे भिजलेले, छाती धडधडतेय. मग पहाटेपर्यंत डोळा नाही. असं आठवड्यातून चार रात्री झालं तर कुणीही दुपारी आडवं होईल. तुम्ही नाइट शिफ्ट करता ना? मग वेगळं सांगायला नको. फरक इतकाच, की तुम्हाला दुसऱ्या दिवशी सुट्टी असते.

त्यात भर म्हणजे चिडचिड, उगाच रडू येणं, नावं विसरणं, सांधे दुखणं. 'मम्मी हल्ली फार कटकट करते' या वाक्यामागे कधीकधी तीन आठवड्यांची मोडलेली झोप असते.

पारोळ्यात गरम वाफा

मुंबईतल्या चकाचक क्लिनिकच्या माहितीपत्रकात उपाय लिहिलेले असतात. खोली थंड ठेवा, सुती कपडे घाला, ताण घेऊ नका. आता हे पारोळ्यात मे महिन्यात करून दाखवा! जळगाव-धुळे पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. याच महिन्यात गच्चीवर पापड, कुरडया, शेवया घालायच्या असतात. बाहेरची आग आणि आतली आग यातली कुठली कोणती, हे त्या बाईलाही कळत नाही. ती म्हणते, "ऊनच फार आहे यंदा." आणि दुखणं उन्हाच्या नावावर जमा होतं.

मग पाणी. तामसवाडीचं बोरी धरण पारोळा तालुक्यातलंच, पण दुष्काळी वर्षांत या भागाने टँकरही पाहिलेत. नळाला पाणी येईल त्या वेळी घरातल्या बाईने जागं असायचं, हा इथला अलिखित नियम. टाकी, ड्रम, हंडे, कळशा. हिमोग्लोबिन नऊ असलेली बाई एका दमात पंधरा हंडे भरते आणि नंतर 'चक्कर आल्यासारखं झालं' म्हणते.

सणांचं वेळापत्रकही तिच्याच खांद्यावर. आखाजीला लेकी माहेरी येतात. त्यांच्यासाठी खापरावरचे मांडे करायचे म्हणजे तापलेल्या चुलीसमोर तासन्‌तास. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई. सगळी भाऊबंदकी एकत्र येते, रोट होतात, रात्रभर जागरण. आश्विनात बालाजीचा उत्सव आणि रथ. त्याच नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास, म्हणजे साबुदाणा आणि चहावर चाललेलं शरीर. शेतावर जाणाऱ्या बाईला दसऱ्यापासून कापूस वेचणीही असते, दिवसभर कमरेत वाकून.

यातलं काहीच वाईट नाही. कानबाई आली की गल्ली कशी उजळते हे तिथे वाढलेल्याला विचारा. प्रश्न एवढाच आहे, की वीस वर्षांपूर्वी ज्या शरीराने हे उचललं ते शरीर आता बदललंय आणि कामाची यादी मात्र तीच आहे.

सगळं हार्मोन्सवर ढकलू नका

इथे एक ब्रेक लावायला हवा. 'वय झालं' म्हणून हसण्यावारी नेणं चूक, तसंच 'मेनोपॉज आहे' म्हणून सोडून देणंही चूक. चाळिशी-पन्नाशीतल्या थकव्यामागे बऱ्याचदा दुसरंच काहीतरी असतं, आणि ते साध्या तपासणीत सापडतं.

पहिला संशयित म्हणजे रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये अॅनिमिया आढळला. त्याआधीच्या फेरीत हाच आकडा ४८ टक्के होता. म्हणजे मॉल वाढले, मोबाइल वाढले आणि बायकांचं रक्त कमीच झालं. गंमत बघा, हा आकडा ४९ वयापर्यंतचाच आहे. आई पन्नास वर्षांची झाली की या तक्त्यातूनही बाहेर पडते.

याचं गणितही सोपं आहे. एक मिलिलिटर रक्त गेलं की त्याबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. पाळीत ऐंशी मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव मानतात, म्हणजे दर पाळीला चाळीस मिलिग्रॅम लोहाचा खर्च. जेवणातून शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतं आणि रोजचं जाणारं लोहही त्यातूनच भरून काढावं लागतं. जमा कमी, खर्च जास्त. खातं ओव्हरड्राफ्टमध्ये जाणारच. त्यावर जेवणानंतर लगेच घेतलेला कडक चहा उरलंसुरलं लोहही शोषू देत नाही.

दुसरा संशयित थायरॉइड. वजन वाढणं, केस गळणं, थंडी वाजणं, सुस्ती, पाळी बिघडणं... ही यादी मेनोपॉजच्या यादीशी इतकी जुळते की नुसतं बघून ओळखता येत नाही. टीएसएच नावाची एक रक्त तपासणी केली की कळतं. तिसरा म्हणजे साखर. चौथा, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं. आणि पाचवा, ज्याचं नाव घरात कुणी घेत नाही, तो म्हणजे डिप्रेशन. मुलं गेली, सासू-सासऱ्यांचं आजारपण, नवऱ्याची निवृत्ती किंवा शेतीचं कर्ज. एवढं सगळं झाल्यावर मन थकलं तर ते 'नाटक' नसतं.

उलट एका तपासणीचे पैसे वाचवा. ऑनलाइन 'कम्प्लीट हार्मोन पॅकेज' दिसलं की तुमचं बोट लगेच 'बुक नाऊ'कडे जातं. पंचेचाळिशीच्या पुढच्या बाईला पेरिमेनोपॉज आहे की नाही, हे लक्षणांवरून आणि पाळीच्या नोंदीवरून ठरवतात. हार्मोन्सच झोके घेत असल्याने आजचा आकडा पुढच्या आठवड्यात वेगळाच येतो.

'श्यामची आई' आणि आपण

पारोळ्याच्या शेजारी अमळनेर. तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० साने गुरुजी शिक्षक होते. पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. अत्र्यांनी १९५३ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि त्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. ते पुस्तक वाचून, तो सिनेमा बघून महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या रडल्या. आपणही रडलो.

पण या रडण्यातून एक सवयही लागली. आईने सोसायचं आणि आपण तिच्या सोसण्याला नमस्कार करायचा. आजारी असूनही राबणारी आई आपल्याला थोर वाटते, पेशंट वाटत नाही. मदर्स डेला आपण 'माय सुपरवुमन' म्हणून फोटो टाकतो. सुपरवुमनचं हिमोग्लोबिन कुणी विचारत नाही. आईवर प्रेम आहे की नाही हा मुद्दाच नाही, ते आहेच. तिच्या शरीराबद्दल बोलायचे शब्द आपल्याकडे नाहीत, खरी अडचण ती आहे. मुलाला 'पाळी' हा शब्द उच्चारता येत नाही आणि आईला तो मुलासमोर काढता येत नाही. मग दोघंही 'जरा थकवा आहे' या वाक्यावर समझोता करतात.

'पिशवी काढून टाका'

या समझोत्याची किंमत कधीकधी ऑपरेशन टेबलवर चुकवावी लागते. धो-धो पाळीने वैतागलेली बाई शेवटी दवाखान्यात जाते तेव्हा तिला लगेच सुटका हवी असते. आणि 'पिशवी काढून टाका, कटकट जाईल' हा सल्ला शेजारणीपासून सगळ्यांच्या तोंडी तयार असतो.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची बातमी देशभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहात एक! पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं, की अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा.

बीड काही दुसऱ्या ग्रहावर नाही. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं खान्देशातूनही जातात. आणि पिशवी काढण्याचा सल्ला फक्त मजूर बाईलाच मिळतो असंही नाही.

काही वेळा हे ऑपरेशन खरोखर गरजेचं असतं, कॅन्सर असेल किंवा मोठ्या गाठी असतील आणि दुसरे उपाय थकले असतील तर. पण अतिरक्तस्रावावर त्याआधी बरेच टप्पे आहेत. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, गर्भाशयात बसवायची हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू. बऱ्याचजणींची गाडी यातल्या एखाद्या स्टेशनवरच थांबते. ऑपरेशनमध्ये बीजकोषही काढले तर मेनोपॉज रातोरात येतो, गरम वाफा जोरात सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. बीजकोष ठेवले तरी तो थोडा लवकर येऊ शकतो. म्हणजे थकवा घालवायला गेलो आणि नवा घेऊन आलो. म्हणून 'ऑपरेशन' हा शब्द ऐकला की दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्यायचंच. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तुमच्या पुण्याच्या फ्लॅटवर आईला आठ दिवस आणलंत तरी चालेल.

दोन प्रकारच्या गोळ्या

एक, 'पुढे ढकलायची' गोळी. कानबाई, गौरी, नवरात्र, घरातलं लग्न. पाळी मध्ये यायला नको म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणली जाते. बदलाच्या वयात पाळी आधीच बेभरवशाची, त्यात हा हस्तक्षेप. बीपी, मायग्रेन किंवा कधी पायात रक्ताची गुठळी झालेली असेल तर ही गोळी डॉक्टरांना न विचारता घेणं धोक्याचं आहे. देवाला चालतं की नाही यावर प्रत्येक घराचं मत वेगळं असेल. पण चिठ्ठी डॉक्टरांची हवी, यावर दुमत नसावं.

दोन, हार्मोन थेरपी. हिचं नाव काढलं की 'कॅन्सर होतो' असं उत्तर येतं. ही भीती २००२ ची. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीचा एक भाग स्तनाच्या कॅन्सरचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसल्यामुळे मध्येच थांबवला गेला आणि जगभर गोळ्या बंद झाल्या. पण त्या चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. पुढच्या वर्षांत चित्र स्पष्ट झालं. वय साठच्या आत, पाळी थांबून दहा वर्षं झालेली नाहीत, त्रास बराच आहे आणि दुसरा धोका नाही, अशा स्त्रियांना फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, गुठळ्या, लिव्हरचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर मात्र नाही. म्हणजे ही गोळी विषही नाही आणि अमृतही नाही. डॉक्टरांशी समोरासमोर बसून ठरवायची गोष्ट आहे.

दिवाळीला घरी जाल तेव्हा

• 'आराम कर' म्हणू नका. आराम करायला वेळ लागतो, तो मोकळा करून द्या. पाणी भरणं, गिरणीवर जाणं, भाजी आणणं यातलं एक काम वडिलांच्या आणि एक धाकट्या भावाच्या नावावर कायमचं करा. फराळातल्या दोन वस्तू विकत आणा.

• 'बरी आहेस ना?' हा प्रश्न बंद. त्याचं उत्तर 'हो'च येतं. त्याऐवजी विचारा, रात्री कितीदा उठतेस? घामाने जाग येते का? जिना चढताना दम लागतो का? मुलींनो, पुढचा प्रश्न तुमचा. पाळी किती दिवस, किती कपडे, गाठी पडतात का? बहीण नसेल तर मुलानेच विचारा. पहिल्यांदा दोघंही लाजाल. दुसऱ्यांदा नाही.

• पाच तपासण्या. हिमोग्लोबिन (सोबत फेरिटिन), टीएसएच, साखर, बी-१२ आणि बीपी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बाराच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे अॅनिमिया, आठच्या खाली म्हणजे आजच डॉक्टर.

• लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. चहा आणि दूध तासभर लांब. शौचाला काळी होईल, पोट जरा जड वाटेल, हे आधीच सांगा. नाहीतर चौथ्या दिवशी गोळ्या फ्रीजवर धूळ खात पडतील. हिमोग्लोबिन वाढलं तरी पुढे साधारण तीन महिने, डॉक्टर सांगतील तोपर्यंत.

• ताटाकडे बघा. खान्देशी जेवण मुळात दणकट आहे. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद येतो. बाजरी, मेथी, तीळ, शेंगदाणे घरातच असतात. पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात यातलं किती उरतं? एकत्र बसा. वरून लिंबू पिळा.

• थांबायचं नाही अशा खुणा. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, तासाला एक पॅड बदलावा लागणं, स्तनात गाठ, छातीत दुखणं, कारणाशिवाय वजन उतरणं. यात 'दिवाळी झाल्यावर बघू' नाही.

आणि तुम्ही

१८ ऑक्टोबर हा जागतिक मेनोपॉज दिन. बहुतेक वर्षी तो नवरात्र ते दिवाळीच्या धामधुमीत येतो, म्हणजे आई वर्षातली सगळ्यात जास्त दमलेली असते तेव्हा. त्या दिवशी कार्ड वगैरे पाठवू नका, तिला ते विचित्रच वाटेल. फक्त सुट्टीचा अर्ज टाकताना एक दिवस वाढवून घ्या. तीन दिवस नातेवाइकांचे आणि चौथा दिवस तिच्या दवाखान्याचा. ती म्हणेल, "कशाला उगाच पैसे घालवतोस." म्हणू द्या. तुमच्या फीसाठी तिने बांगड्या मोडल्या तेव्हा तुम्ही असं म्हणाला नव्हतात.

पारोळ्यात सतराशे सत्तावीसचा किल्ला आहे. झाशीच्या राणीच्या माहेराशी या गावाचं नातं सांगतात. आपल्या प्रत्येकाचं माहेर मात्र आईच्या अंगातल्या बळावर उभं असतं. किल्ल्याची डागडुजी व्हावी म्हणून आपण फेसबुकवर कळकळीने लिहितो. घरातल्या या भिंतीची डागडुजी एका रक्ताच्या चाचणीने सुरू होते.